डिंक ओला होता

मित्रांनो, मी एक जुनी निविदा पेटी आहे. लोखंडाची, दोन कुलपांची, डोक्यावर एक फट. सरकारी काम कितीला करून देणार ते कंत्राटदार बंद पाकिटात लिहीत आणि माझ्या पोटात टाकत. एकाचा भाव दुसऱ्याला कळू नये, म्हणून तर मी! नवी होते तेव्हा केवढी ऐट होती माझी. पण त्या दुपारपासून जिवाला स्वस्थता नाही बघा.

शाळेचं गळकं छप्पर बदलायचं होतं. एकच माणूस आला, इकडेतिकडे पाहिलं आणि तीन कंत्राटदारांची तीन पाकिटं एका दमात आत सोडली. डिंक अजून ओला होता. अगं बाई, मी आतल्या आत तळमळले! हेच छप्पर घातलं तेव्हाही असंच झालं होतं. पण मी ओरडणार कशी?

दुसऱ्या दिवशी टपाल सांभाळणाऱ्या बाईंनी साहेबांसमोर मला उघडलं. बाईंची भाची त्याच शाळेत. पावसाळ्यात वर्गात छत्री उघडून बसायची. बाईंनी एक पाकीट उचललं, तर तिन्ही चिकटून वर आली.

"ओढा की जोरात! उकाड्याने चिकटली असतील," साहेब म्हणाले.

"मग बाकीच्या कामांची कशी कोरडी ठणठणीत? साहेब, ही एकाच टेबलावर बंद झालीत. आधी पंचनाम्यात लिहा, मगच सोडवीन."

"अहो, कशाला नसती भानगड? वरून फोन येतील."

"येऊ देत. त्या छपराखाली आपलीच पोरं बसतात."

साहेबांनी कपाळाला हात लावला, पण लिहिलं. चौकशीत पाकिटांत अनामत म्हणून जोडलेल्या तिन्ही डिमांड ड्राफ्टचे नंबर लागोपाठ निघाले, म्हणजे ते एकाच वेळी काढलेले होते. यंदा काम कोणाला द्यायचं ते तिघांनी आधीच ठरवलं होतं, आणि भाव दीडपट चढवला होता. मग नवी जाहिरात निघाली, नवे चार जण आले आणि छप्पर कमी पैशांत झालं. भाचीची छत्री दप्तरात राहू लागली.

बाईंची मात्र लांब बदली झाली. जाताना त्यांनी माझ्यावरून हात फिरवला. मला फार रडू आलं, पण लोखंडाला कुठलं रडू?

आता निविदा कॉम्प्युटरवर येतात. माझ्या डोक्यावर जुने गठ्ठे आणि धूळ. तरी मला चैन पडत नाही. संगनमत करणारे काय घरी बसलेत? आणि कॉम्प्युटरला डिंक दिसतो थोडाच! पाहायला बाईंसारखं कुणीतरी लागतंच.

मित्रांनो, कधी आलात तर माझा गंज काढा, हवा तर रंगही द्या. फक्त आत तळाशी डिंकाचा एक पिवळा डाग आहे, तेवढा खरवडू नका.