दोन घरांमधली भिंत

मी एक जुनी भिंत आहे. एका घराची नव्हे, दोन घरांची. मित्रांनो, अशा भिंतीला सामाईक म्हणतात. दोन्ही घरांच्या तुळया माझ्याच खांद्यावर. गवंड्याने मला मातीत रचले. "हिला कुठे पावसात उभं राहायचंय?" असे म्हणून त्याने सिमेंट वाचवले. तो चुकला नव्हता. मी आतली भिंत होते.

उजवीकडे शिंपी राहायचा, डावीकडे कारखान्यातला फिटर. तिकडे खिळा ठोकला की इकडून आरोळी यायची, "अहो फिटर, आमचा आरसा नाचतोय!" माझे कौतुक कोणी केले नाही. भिंतीकडे कोणी बघत नाही, हेच तिचे कौतुक.

मग कारखाना बंद पडला. फिटर बायकापोरांना घेऊन निघून गेला, तो परतलाच नाही. त्याचे छप्पर आत बसले. उंदीर झाले, दारुडे झाले, घाण झाली. उजवीकडे शिंपी म्हातारा होऊन खाटेला लागला होता, मुलगा वारला होता आणि शिलाई मशीन सून चालवत होती. कपड्यांना वास लागतो म्हणून गिऱ्हाईक येईना.

तेवढ्यात पालिकेला वरून निधी आला. पडीक घरे पाडा, जागा मोकळ्या करा, म्हणजे बांधकामवाले धावत येतील आणि शहर सुधारेल, अशी ती योजना. सगळ्यांच्या आधी अर्ज केला तो या सुनेने. "आधी आमच्या शेजारचं पाडा," म्हणून कचेरीत चपला झिजवल्या. यंत्र आले तेव्हा तिने चालकाला चहा दिला.

फिटरचे घर जमीनदोस्त झाले आणि मी उघडी पडले. त्याच्या माडीचा निळा रंग, चुलीची काजळी, तुळया उपटलेली भोके, सगळे रस्त्यावर. जागा सपाट केली, फोटो काढले, काचेच्या इमारतीचे चित्र असलेला फलक ठोकला. पालिकेचे साहेब गाडीत बसायला निघाले, तशी सून आडवी आली.

"साहेब, भिंत उघडी पडली. गिलावा कोण करणार?"

"ताई, योजना फक्त पाडण्याची आहे. गिलावा त्यात बसत नाही."

"मग पाडलंत कशाला?"

"अर्ज कोणी केला होता?"

ती गाडीसमोरून बाजूला झाली.

पावसाळ्यात माझी माती वाहू लागली. सुनेने प्लास्टिकची पोती जोडून माझ्यासाठी मोठे आच्छादन शिवले. खाटेवरून सासरा म्हणाला, "सूनबाई, भिंतीला परकर शिवतेस होय? माप घेतलंस ना नीट?"

"हसा, मामंजी. उद्या पाणी डोक्यावर आलं की कळेल."

वाऱ्याने परकर फाडला. तिने पुन्हा शिवला, त्याने पुन्हा फाडला. मग माझ्या विटा खाली येऊ लागल्या. पाहणीला आलेल्या इंजिनियरने माझ्या सांध्यात पेचकस खुपसला. भुरभुर माती गळली. त्याने माझ्यावर लाल फुली मारली. घर धोकादायक! गिलाव्याला जो निधी चालत नव्हता, तोच हे घर पाडायला लगेच चालला. मला याची चीड येते, मित्रांनो. ज्यांनी मला उघडे केले, तेच मला धोकादायक ठरवून गेले.

शेजारची मोकळी जागा तशीच आहे. बांधकामवाला फिरकला नाही. तिथे गवत आहे आणि लोकांनी टाकलेला कचरा.

सामान बांधून झाल्यावर सून पलीकडच्या शेजारणीकडे गेली. या घराची दुसरी भिंतही सामाईकच आहे, तिला टेकून ही शेजारीण राहते, ती नर्स आहे.

"अहो, तुम्ही तरी अडवा त्यांना. आमचं घर गेलं की तुमची भिंत उघडी पडेल."

नर्स म्हणाली, "ताई, राग मानू नका, पण फुली मारलेलं घर आहे. खाली माझी मुलं खेळतात. पडलेलं बरं. मीच परवा अर्ज दिलाय."

सून घरी परतली. सासऱ्याला पाठीवर घेऊन तिने त्याला रिक्षात बसवले. शिलाई मशीन मांडीवर घेतले. कुठे जायचे, हे रिक्षावाल्याने दोनदा विचारले.

मला वाचवा, असे मी म्हणणार नाही. ती वेळ गेली. पण उद्या तुम्ही साहेब व्हाल आणि शहर सुधारायला निघाल. तेव्हा पाडायच्या घरासमोर फोटोला उभे राहू नका. आधी त्याच्या शेजारच्या घरात जा आणि तिथल्या भिंतीला हात लावा. तिला टेकून कोणाची तरी खाट असते.