मोठ्या सरांचं पोट

मला इथे सगळे झोपवाली म्हणतात. तोंडावर मॅडम, पाठीमागे झोपवाली. एकोणीस वर्षं मी या हॉस्पिटलात माणसांना भूल देतेय, आणि तितकीच वर्षं लोकांना वाटतंय की पेशंट झोपला की माझं काम संपलं, आता ही बया स्टुलावर बसून डुलक्या काढणार. अहो, झोपतो तो पेशंट. त्याच्या वाटचं जागायचं मला असतं.

दुर्बिणीची ऑपरेशनं आली तेव्हापासून तर विचारूच नका. पोटाला चार भोकं पाडायची, एकातून कॅमेरा घालायचा, आणि आतलं दिसावं म्हणून पोटात गॅस भरून ते तंबूसारखं फुगवायचं. सगळ्यांचे डोळे मोठ्या पडद्यावर, जिथे पित्ताशय दिसतं. माझा छोटा पडदा पेशंटच्या डोक्याशी, कोपऱ्यात. त्याच्यावर नाडी, रक्तदाब, श्वास. पोट ताणलं गेलं की काही जणांचं हृदय अचानक मंदावतं. सत्तरची नाडी बघता बघता तीसवर येते. उपाय सोपा आहे. गॅस सोडायचा, एक इंजेक्शन द्यायचं आणि दोन मिनिटं हाताची घडी घालून थांबायचं. पण थांबायचं म्हटलं की सर्जन लोकांच्या जिवावर येतं.

आमच्या मोठ्या सरांच्या तर फारच. हात सोन्याचा आहे त्यांचा, खोटं कशाला बोलू? पण कानांचं काय करायचं? "सर, नाडी पन्नास झाली, गॅस सोडा," म्हटलं की ठरलेलं उत्तर, "एकच मिनिट, मॅडम." आणि वर, "तो टीं-टीं आवाज बंद करा आधी, डोकं उठतं." गॅसचा दाब कायम पंधरा. त्याखाली म्हणे दिसत नाही. पंधरालाही दिसलं नाही, तर पोट टाइट आहे, म्हणजे माझी भूल कमी पडतेय. नाचता येईना अंगण वाकडं, आणि अंगण कोण, तर मी! त्या एका मिनिटात आजवर कुणी दगावलं नाही, ते माझ्या इंजेक्शनांमुळे आणि पेशंटांच्या नशिबामुळे. सरांना वाटतं, त्यांच्यामुळे.

तर या सरांच्या पित्ताशयात खडे निघाले.

एका सकाळी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "या, मॅडम. बसा ना." मी मागे वळून बघितलं, दुसरं कुणी आलंय की काय. एकोणीस वर्षांत त्या खुर्चीत मी पहिल्यांदाच टेकले.

"ऑपरेशन धाकटा करेल," सर म्हणाले. "भूल तुम्ही द्या."

धाकटा म्हणजे धाकटे सर, यांचे पट्टशिष्य. वय चाळीस, दोन मुलांचा बाप, पण इथे धाकटाच. चालतो सरांसारखा, हातमोजे ओढतो सरांसारखा, खोकतोसुद्धा सरांसारखाच.

"दाब किती ठेवाल?" सरांनी विचारलं.

"तुमचा नेहमीचा. पंधरा."

सरांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला. "दहाच्या वर नको."

"दहाला दिसत नाही म्हणता ना तुम्ही?"

"दिसतं हो. नीट बघितलं की दिसतं."

अगं बाई! एकोणीस वर्षं डोकं फोडून जे पटलं नाही, ते दोन खड्यांनी एका आठवड्यात पटवलं. सरांनी खिशातून एक कागद काढला. त्यावर प्रश्न लिहून आणले होते, परीक्षेला बसल्यासारखे. नाडी किती खाली आली की थांबायचं? इंजेक्शन आधीच भरून ठेवणार ना? आवाज मोठा ठेवाल ना मशीनचा?

"डोकं उठेल की धाकट्या सरांचं," मी म्हटलं.

"थट्टा नको, मॅडम. माझी नाडी मुळातच कमी असते." त्यांनी कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली. "तुम्ही थांबा म्हणालात की त्याने थांबलं पाहिजे. त्याच क्षणी."

"त्यांना सांगितलंत तसं?"

"त्यात सांगायचं काय? एवढं कुणालाही कळतं."

मला हसू येत होतं आणि कीवही येत होती. सोन्याचा हात असा कागदाशी चाळा करताना मी कधी बघितला नव्हता.

ऑपरेशनच्या दिवशी टेबलावर आडवं झाल्यावर सरांनी माझं मनगट धरलं. "लक्ष ठेवा हं, मॅडम."

"रोजच ठेवते, सर," मी म्हटलं आणि औषध सोडलं. चार श्वासांत सर गाढ झोपले.

धाकट्याने गॅस सुरू केला. दाब दहा, नाडी चौसष्ट. सगळं छान चाललं होतं. पाच-सात मिनिटांत तो चुळबुळायला लागला. "नीट दिसत नाहीये. पोट टाइट आहे. मॅडम, तुमची भूल कमी पडतेय."

"भूल व्यवस्थित आहे. जरा नीट बघा, दिसेल."

"सिस्टर, पंधरा करा."

"दहाच राहू द्या," मी ओरडले. पण सिस्टर बिचारी काय करणार? त्या खोलीत सर्जन बोलला की बटण दाबायचं, हेच ती शिकली होती. दाब चढला. नाडी चौसष्ट, एकावन्न, एकोणचाळीस. मशीन कोकलायला लागलं.

"गॅस सोडा."

"एकच मिनिट, मॅडम. हातात आलंय."

"अहो, आत्ता सोडा!"

"आणि तो टीं-टीं आवाज बंद करा आधी."

शप्पथ सांगते, मी एकदा टेबलावर बघितलं, सरच उठून बोलले की काय. सर कसले बोलतात! पांढरेफटक पडले होते. नाडी सव्वीस. मी इंजेक्शन ढकललं, स्टूल लाथेने मागे सारलं आणि गॅसची नळी मशीनमधून उपसून काढली. फुस्स करून पोट बसलं, मोठा पडदा लाल-गुलाबी चिखल झाला.

माझ्या पडद्यावर एक सरळ रेघ चालली होती. एक, दोन, तीन, चार सेकंद. या माणसावर मी हजार वेळा चिडले असेन, पण त्या क्षणी मला तो जगायला हवा होता, बस्स. मग एक ठोका आला. मग दुसरा. चव्वेचाळीस. साठ. अठ्ठ्याहत्तर.

धाकट्याने अवजारं बाजूला ठेवली. "सर गेले असते," तो म्हणाला.

"हो."

उरलेलं ऑपरेशन त्याने दहाच्या दाबाला केलं. वेळ लागला. दिसलं मात्र सगळं.

दुसऱ्या दिवशी सरांनी पलंगावर बसून स्वतःचा चार्ट मागवला. खोलीत सरांच्या मिसेस, म्हणजे वहिनी होत्या, सिस्टर होती, मी होते, आणि भिंतीला चिकटून धाकटा. सरांचं बोट सव्विसावर थांबलं. मी काय घडलं ते सांगितलं. शब्दाला शब्द, मीठ-मसाला न लावता.

"थांबा म्हटल्यावर थांबला नाहीस तू?" सर कडाडले. "एक मिनिट म्हणतोस? गाढवा, हे असलं तुला शिकवलं कुणी?"

वहिनी खिडकीबाहेर बघायला लागल्या. सिस्टर घडी घातलेल्या चादरीची पुन्हा घडी घालायला लागली. मी सलाईनच्या बाटलीवरची अक्षरं वाचली, दोनदा.

"सर," धाकटा शेवटी म्हणाला, "नऊ वर्षं मी तुमच्याच हाताखाली आहे."

"मी असं कधीच करत नाही!"

आणि गंमत सांगू? ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरोखरच तसं वाटत होतं.

तीन आठवड्यांनी सर कामावर आले. पहिलाच पेशंट एक निवृत्त पोस्टमन, वय एकाहत्तर, अंगाने काडी. पत्रं वाटून वाटून पाय झिजलेले, पण तोंडात सतत विनोद. भूल देण्याआधी मात्र विनोद संपले. "उठेन ना मी, ताई? घरी बायको एकटी आहे हो. तिला दिसत नाही."

"उठाल की," मी म्हटलं. "मी आहे ना."

सरांनी अवजार हातात घेतलं. धाकट्याने कॅमेरा धरला.

"दाब पंधरा," सर म्हणाले.

मला वाटलं, थट्टा करतायत. "सर, दहा ना?"

"मला दिसायला नको का, मॅडम?"

ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. कळणार कसं? जळत होतं तेव्हा हे गृहस्थ झोपले होते! जागे होतो ते आम्ही.

पोट फुगलं. नाडी सत्तर, पंचावन्न, बेचाळीस.

"सर, गॅस सोडा."

"एकच मिनिट, मॅडम."

माझा संताप मस्तकात गेला. एका हाताने मी इंजेक्शन देत होते, दुसरा हात नळीकडे निघाला होता. तेवढ्यात फुस्स झालं. मोठा पडदा चिखल झाला. मी हात मागे घेतला. नळी जागेवरच होती.

"कुणी सोडला गॅस?" सर गरजले.

"मी, सर," धाकटा म्हणाला. एका हातात कॅमेरा होता, दुसऱ्या हाताने त्याने पोटावरची गॅसची तोटी उघडून धरली होती.

"तुला कॅमेरा धरायला उभा केलाय! बाहेर हो! चालता हो माझ्या थिएटरमधून!"

धाकट्याचं तोटीवरचं बोट हललं नाही. तो सरांकडे बघत नव्हता, मोठ्या पडद्याकडेही नाही. तो माझ्या कोपऱ्यातल्या छोट्या पडद्याकडे बघत होता.

"जातो, सर," तो म्हणाला. "आधी यांची नाडी साठ होऊ द्या."