दुपारची कडी

आतल्या खोलीची कडी खट्‌कन निघाली आणि सामसूम दुपारी वच्छलाचे हात पिठात तसेच राहिले. रात्रपाळी करून निजलेला तिचा नवरा जोतीराम उठला होता. आता सासूबाई नातीला काखेत मारून शेजारी जाणार, जाता जाता म्हणणार, "जा की गं आत, पाणी दे त्येला." रोजचंच होतं ते.

तीन वर्षांपूर्वी सोजरच्या वेळी वच्छला अडली. दोन दिवस सुईणीनं वाट पाहिली, मग टांग्यात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी कात्रीनं वाट मोठी केली, जिवंत पोर हातात दिली आणि टाके घातले. ती इवली गुलाबी मूठ बघून वच्छला सगळं विसरली. अंग मात्र विसरलं नाही. पाच महिन्यांनी ओटी भरून घेऊन ती माहेराहून आली, आणि नवऱ्यानं जवळ घेताच त्या शिवणीवर जणू कुणी पुन्हा कात्री धरली. तेव्हापासून त्याचा हात खांद्यावर पडला, की तिचे दात आपसूक आवळायचे.

एकदा ती बोलली होती. "टाके दुखत्यात अजून."

"अजून? माझं बोट गिरणीत चेंगारलं, त्ये बी म्हैन्यात भरलं की!" तो हसला. मग हसेनासा झाला. "मी नगं झालोय, आसं म्हण की सरळ." मारझोड त्यानं कधी केली नाही. नुसता गप्प होत गेला.

सासूपाशी तिनं धीर करून अर्धंच सांगितलं होतं. "आमी सात बाळंतपणं काढली भाकरी थापत," म्हाळसाबाई म्हणाल्या. "नव्या दवाखान्याची नवी थेरं!"

आज मात्र म्हाळसाबाई उंबऱ्यावरून उठल्याच नाहीत. कालच त्या मोहोळला भावाकडं, हिंदुरावाकडं जाऊन आल्या होत्या.

"आत्याबाई, सोजरला न्हेताय न्हवं?"

"न्हाय गं. आजपासनं ऱ्हाऊ दे तुझ्यापाशीच." आवाज कधी नव्हे इतका मऊ होता. "जोतीरामासाठी हिंदुरावाच्या भिमीला मागणी घातलीया. मामाचीच पोर, परकी का हाय? घराला वौंस नगं व्हय? तू थोरली, तुझा मान कुटं जात न्हाय."

जोतीराम दारात उभा होता. त्यानं सगळं ऐकलं, वर न बघता पायात वहाणा सरकवल्या आणि निघून गेला.

वच्छलाचं अंग आधी सैल पडलं. अडीच वर्षांत पहिल्यांदा दुपार नुसती दुपार होती. आणि त्या सुटकेचीच तिला धडकी भरली. "मला येकडाव डॉक्टरीणबाईकडं तरी..." ती पुटपुटली. म्हाळसाबाई सुपातले खडे वेचत राहिल्या.

सोजर धावत येऊन मांडीत शिरली. "आये, आता मी रोज तुज्याच कुशीत?"

"व्हय गं माझी बाय."

बाप गेला त्या उघड्या दाराकडं सोजरनं पाहिलं.

"मग आबा कुटं निजणार?"