पत्र्याच्या गड्याचं वाक्य

यंत्रमानवाच्या अंगी दैवी शक्ती असू शकते का, या प्रश्नावर मी आयुष्यात एकदाच हरलो. तेही अंथुर्ण्याच्या जत्रेत, दिवसाढवळ्या, गावासमोर.

साल छप्पन. मी बारामतीला हायस्कुलात विज्ञान शिकवत असे आणि उरलेल्या वेळात नाटकं लिहीत असे. नाटकं कुणी करत नसल्यामुळे वेळ पुष्कळ उरे. त्यातूनच 'दोन हजार सालचा गडी' हे विज्ञाननाटक झालं. एक शास्त्रज्ञ पत्र्याचा यंत्रमानव बनवतो. तो नांगरतो, पाणी उपसतो. तिसऱ्या अंकात गावात साथ येते, एक आई लेकरू घेऊन त्याच्या पायावर पडते आणि म्हणते, याला वाचव. तेव्हा यंत्रमानव म्हणतो, "बाई, ती शक्ती माझ्यात नाही. मी पत्रा आहे. मला तेल लागतं, नवस लागत नाही. दवाखान्यात जा."

हे बोलणं म्हणजेच माझं नाटक. ते कुठंतरी म्हणता यावं म्हणून मी बाकीची बावन्न पानं लिहिली होती.

अंथुर्ण्याच्या जत्रा कमिटीनं नाटक घेतलं, कारण ठरलेलं नाटक महिनाभर आधी रद्द झालं होतं. माझी नजर पुढं होती. इंदापुरातल्या एका नाट्यमंडळाचे चिटणीस सावळाराम प्रयोग बघायला येणार होते. त्यांना पटलं, तर माझा यंत्रमानव तालुक्याच्या गावी, खऱ्या पडद्यासमोर उभा राहणार होता.

कमिटीचे अध्यक्ष सर्जेराव. ऊस बागायतदार, साखर कारखान्याचे सभासद आणि गावातल्या पहिल्या ऑइल इंजिनाचे मालक. त्यांनी नाटक ऐकून घेतलं आणि पानाला चुना लावत विचारलं,

"मास्तर, तुमचा गडी करतो काय?"

"पाणी उपसतो."

"ते आमचं इंजान बी उपसतं. त्येला बघायला कुणी येत न्हाय."

"चालतो, बोलतो. सांगितलेलं सगळं ऐकतो."

"ह्ये मातर नवीन हाय. पर तेवढ्यानं भागायचं न्हाय. शाप देतो का?"

"नाही."

"गुप्त हुतो?"

"नाही हो."

"निदान मेलेलं लेकरू उठवतो का न्हाय?"

"सर्जेराव, ते यंत्र आहे. ते दवाखान्यात जा म्हणतं."

"त्ये सांगायला आमच्याकडं तलाठी हाय." सर्जेरावांनी पान तोंडात टाकलं. "आता बगा, पत्रा बोलतो, ह्ये आमी मानायचं. कुणी बघितलाय बोलणारा पत्रा? पर तुमी म्हनता म्हणून मानलं. मग त्योच पत्रा लेकरू बरं करतो म्हणलं की तुमाला राग का? एक खोटं चालतंय, दुसरं का न्हाय?"

"पहिलं विज्ञानात बसतं."

"कोन बसवतं?"

"विज्ञानच."

"म्हंजी तुमीच." सर्जेरावांचा आवाज अगदी समजुतीचा होता. "आमी इंजनाला खंडेनवमीला नारळ फोडतो. एका साली इसरलो, तर पट्टा तुटला."

"पट्टा जुना झाला असेल."

"नारळ फोडला त्या साली बी जुनाच हुता."

मी माघार घेत गेलो. यंत्रमानवाच्या डोळ्यांत बॅटरीचे दिवे बसवले. प्रवेशाच्या वेळी नारळ फोडायचं कबूल केलं. हलगीही वाजू द्या म्हटलं. पण ते बोलणं जसंच्या तसं राहील, अशी मी सर्जेरावांकडून शपथ घेतली. त्यांनी ती इंजिनावर हात ठेवून घेतली.

यंत्रमानवाचं काम सोपानकडं होतं. गुऱ्हाळावर काम करणारा सहा फुटी पोरगा, अंगानं आडवा, स्वभावानं गरीब. बावीस तालमी झाल्या, पण बोलणं एकदाही पुरतं म्हणाला नाही. कधी तेल विसरायचा, कधी नवस. पत्र्याचा पोशाख मी बारामतीत करून घेतला. पत्रेवाल्यानं गुळाच्या बाजारातून रिकामे डबे आणले, कापले, जोडले. मी सांधे तपासले, डोळ्यांतले दिवे तपासले. आत श्वास घेता येतो का, तेही पाहिलं. डबे कशाचे होते, एवढं मात्र विचारलं नाही. डबे काकवीचे होते आणि पत्रेवाल्यानं ते फक्त बाहेरून धुतले होते. सकाळभर तो पोशाख स्टेजमागं लिंबाखाली टेकून ठेवला होता.

रात्र तमाशाला दिलेली होती, म्हणून नाटकाला दुपारचे चार मिळाले. पहिला अंक ठीक गेला. दुसऱ्या अंकात सोपान लिहिलेल्यापेक्षा जरा भरभर नांगरत होता. मला वाटलं, भूमिकेत शिरला.

तिसरा अंक. आईचं काम गेणू करत होता. मिशा भादरायला तो तयार नव्हता, म्हणून पदर ओढून बसला होता. नारळ फुटला, हलगी कडाडली आणि सोपान आत आला तो थरथरतच. पत्रा खडखडायला लागला. डोळ्यांतले दिवे विझायचे, पेटायचे. मान गरगरा फिरायला लागली. आतून आवाज आला, "हूंऽऽ! हूंऽऽ!"

पुढच्या रांगेतल्या बायकांनी हात जोडले.

मी विंगेतून ओरडलो, "सोपान, काय झालं रे?"

"मास्तर, मुंगळं! मुंगळं हायती आत!"

हलगीपुढं ते फक्त मला ऐकू आलं. मी तसाच स्टेजवर धावलो आणि हात वर करून सांगू लागलो, "काही नाही! मुंगळे आहेत! मुंगळे चावतायत त्याला!" तेवढ्यात सर्जेरावांनी मागून माझा दंड धरला.

"मास्तर, वारं आल्यालं असताना मधी जाऊ नका."

"वारं नाही हो, मुंगळे!"

"आसत्याल. पर इतक्या दिवसांत न्हाय आले, आन हलगी वाजल्यावरच कसे आले?"

तोवर हलगी थांबली होती आणि प्रयागबाई स्टेजवर चढल्या होत्या. साठीच्या बाई, एक गुडघा धरलेला, तरी कुणाचा हात न घेता चढल्या. गेणू यंत्रमानवाच्या पायाशी पडून रडत होता. त्याला त्यांनी कोपरानं बाजूला केलं.

"सरक रं बाबा. तुझं लेकरू चिंध्यांचं हाय."

मग कपाळ टेकून म्हणाल्या, "देवा, दोन वर्सं झाली, माझा गुडघा धरलाय. मोकळा कर."

सोपान बिचारा जिवाच्या आकांतानं थडथडत होता. पायावर बाई पडली की काय म्हणायचं, एवढंच त्याच्या डोक्यात राहिलं असावं. आणि बावीस तालमींत जे झालं नव्हतं ते झालं.

"बाई, ती शक्ती माझ्यात न्हाय! मी पत्रा हाय! मला तेल लागतं, नवस लागत न्हाय! दवाखान्यात जा!"

शेवटच्या शब्दांवर हलगी पुन्हा सुरू झाली. पण बाकीचं सगळं गावानं स्वच्छ ऐकलं. माझा ऊर भरून आला. मुंगळ्यांचीही मला त्या क्षणी तक्रार उरली नाही.

प्रयागबाई लोकांकडं वळल्या.

"ऐकलंसा? शक्ती न्हाय म्हनतोय. खरा असल्याबिगर कोन म्हनंल असं? आपला देवरुषी बगा, उठल्यापास्नं हाय हाय करतो."

"नवस बी नगं म्हनला," खालून कुणीतरी म्हणालं.

"मागितलं काय तर नुसतं तेल. आज वार कंचा?"

"शनवार!"

वार मीच निवडला होता. शनिवारी सकाळची शाळा असते.

भजीवाल्याचा करडईच्या तेलाचा डबा पहिला आला. मग वाट्या आल्या, तांबे आले, मुलाला लावायच्या तेलाची बाटली आली. यंत्रमानवाच्या गळ्याशी फट होती, तीतून तेलाची धार सुरू झाली. मी "अहो, थांबा" म्हणत होतो, माझ्याही हातात कुणीतरी वाटी दिली. तेल आत झिरपलं. मुंगळे बुडाले. खडखड कमी झाली, मग थांबली. आतून सोपानचा लांबलचक, सुखाचा सुस्कारा आला.

"शांत झाला," सगळे म्हणाले.

मी सावळारामांच्या खुर्चीकडं गेलो. निदान इंदापूरला तरी खरं कळावं.

"किड्यांच्या अंगाला श्वासाची बारीक छिद्रं असतात," मी सांगितलं. "तेलानं ती बुजतात आणि किडा मरतो. याच्यात दैवी काही नाही."

त्यांनी मन लावून ऐकलं.

"म्हणजे तेलानं गुण आला."

"तसं नव्हे. मुंगळे मेले."

"म्हणजे पीडा गेली," सावळाराम म्हणाले आणि वहीत टिपून घेतलं.

पंधरा दिवसांनी इंदापूरहून पत्र आलं. नाटक पसंत होतं. प्रयोग शनिवारी व्हावा, तेल प्रेक्षक आपापलं आणतील, हलगीची सोय मंडळ करील. लेखकानं तिसऱ्या अंकात स्टेजवर येऊ नये, ही विनंती.

मी तणतणत पोशाख आणायला अंथुर्ण्याला गेलो. नवीन पत्र्याचा, स्वच्छ धुतलेला, बिनमुंगळ्याचा पोशाख करून इंदापूरला एकदा तरी खरा प्रयोग करायचाच, असं ठरवलं होतं. जुना फक्त मापाला हवा होता. तो सर्जेरावांच्या इंजिनाच्या खोलीत उभा होता. तेलानं तुळतुळीत, कपाळाला कुंकू.

"न्हेऊ नका, मास्तर," सर्जेराव म्हणाले. "आल्यापास्नं पट्टा तुटला न्हाय."

"पंधरा दिवसांत कधी तुटतो का?"

"त्येच म्हनतोय मी."

एवढ्यात प्रयागबाई वाटी घेऊन आल्या. पाय टाकत, न लंगडता. मला राहवलं नाही.

"गुडघा बरा झाला वाटतं?"

"व्हय. बारामतीच्या दवाखान्यात गेलते. डाक्टरनं चोळायला औषीद दिलं."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "दवाखान्यात? कुणी सांगितलं?"

"ह्येनंच की." त्यांनी यंत्रमानवाच्या खांद्यावर वाटीतलं तेल ओतलं आणि पदरानं त्याची छाती पुसली. "हलगीत कुणाला ऐकू न्हाय गेलं. पर मी पायापाशी हुते. दवाखान्यात जा, म्हनला."



"प्रयागबाई," मी म्हणालो, "ते बोलणं माझं आहे. मी लिहिलंय."

त्यांनी माझ्याकडं नीट, मायेनं पाहिलं.

"व्हय का? मग तुमाला कुणी सांगितलं?"