बारा खाटांचं इंग्रजी

मावशीचं सगळं इंग्रजी पुरुषांच्या वॉर्डात बारा खाटांवर झोपलेलं होतं, आणि परीक्षेला तीन दिवस उरले असताना ते उठून चालतं झालं.

झालं ते असं. हॉस्पिटलने वर्षापूर्वी नियम काढला होता. जंतुनाशकाचे डबे, औषधांची खोकी, मशिनवरच्या सूचना सगळं इंग्रजीत येतं, तेव्हा ज्या कामगाराला कायम व्हायचंय त्याने इंग्रजीची परीक्षा द्यावी. सारख्या दिसणाऱ्या शब्दांच्या जोड्या, तीस गाळलेल्या जागा, बावीस बरोबर हव्यात. तीन वेळा बसता येईल. तिसऱ्यांदा नापास झाला तर त्याने आपला रस्ता धरावा. मावशी दोनदा आपटली होती. चौदा वर्षं या वॉर्डात चादरी बदलून तिचे केस पांढरे झाले होते, आणि राहायची खोलीसुद्धा हॉस्पिटलचीच होती, मागच्या आवारातली, वरच्या मजल्यावरची. तिथे खाटेवर मणका सरकलेला नवरा पडून असायचा आणि पडद्याआड लेक अभ्यास करायची. नोकरी गेली की महिन्याभरात किल्ली जमा.

लेकीने आधी शिकवून पाहिलं. पण मावशीची शाळा सातवीतच सुटलेली. पुस्तकातले शब्द तिच्या डोक्यात रात्री शिरायचे आणि सकाळी वॉर्डाच्या जिन्यात सांडायचे. शेवटी लेकीने हात टेकले. "आई, तुला हे शब्द सगळे जुळे भाऊ वाटतात. तू त्यांचे चेहरे बघतच नाहीस."

चेहरे म्हटल्यावर मावशीला वाट सापडली. चेहरे तिला बारा ठाऊक होते, रोज तोंड पुसायची त्यांची.

दोन नंबरला प्लास्टरवाले आजोबा होते. त्यांची पायजम्याची नाडी कायम सैल, म्हणून ते लूस. आणि चष्मा रोज हरवायचे, म्हणून लूझ. एकाच म्हाताऱ्यात दोन्ही शब्द बसले, जागा वाचली. चार नंबरचा शिंपी तोंडाला टाके घातल्यासारखा गप्प, म्हणजे क्वायट. आणि सिस्टर त्याच्या कागदावर रोज क्वाइट बेटर लिहायच्या, म्हणजे बऱ्यापैकी बरा. पाच नंबरला साखरेचा आजार. जेवणानंतरचं गोड, डिझर्ट, त्याला बंद, आणि घशाला सारखी कोरड, तिथे वाळवंट, डेझर्ट. सात नंबरचे निवृत्त कारकून अख्ख्या वॉर्डाला फुकट सल्ला द्यायचे. ते देत तो अ‍ॅडव्हाइस, आणि त्यांचं ते देत सुटणं म्हणजे अ‍ॅडव्हाइझ. नऊ नंबरच्या पोराचा पाय गेला होता. कुबडीशी जुळवून घेत होता ते अडॅप्ट, आणि खिडकीत येणारी मांजर त्याने लेकरासारखी पदरात घेतली होती ते अडॉप्ट.

मावशी चादर ओढता ओढता पुटपुटायची. पेशंटना वाटायचं, बाई देवाचं काही म्हणतेय.

अकरा नंबरला पेंटरकाका. चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस. इंग्रजीतलं प्रत्येक अक्षर त्याला वळणासकट पाठ, अर्थ मात्र एकाचाही नाही. मावशी अर्थ सांगायची, काका बोटाने चादरीवर अक्षरं काढून दाखवायचे. छातीत घरघर, चार शब्द बोलले की थांबायचे. त्यांच्या वाट्याला तिने ब्रेथ आणि ब्रीद दिले होते: श्वास, आणि श्वास घेणं. काका म्हणायचे, पहिलं माझ्याकडे थोडं आहे, दुसरं जमत नाही. आणि स्वतःच हसून खोकायचे.

असं करत सत्तावीस जोड्या बारा खाटांवर चढल्या. आणि सोमवारी सकाळी वॉर्डाच्या छतातला पाइप फुटला.

दुपारपर्यंत वॉर्ड रिकामा. सहा जणांना घरी पाठवलं, बाकीचे जागा मिळेल त्या मजल्यावर गेले. पेंटरकाकांचा श्वास त्या धावपळीत बिघडला, त्यांना आयसीयूत नेलं. मावशी ओल्या फरशीवर पोछा घेऊन उभी राहिली आणि तिच्या लक्षात आलं की तिला काहीएक आठवत नाहीये. रिकाम्या लोखंडी खाटा नुसत्या खाटा होत्या. चार नंबरकडे पाहिलं तर गंजच दिसला.

मग तिने दोन दिवस जे केलं ते तिने आयुष्यात कोणाला सांगितलं नसतं. ड्युटी संपली की ती मजले चढायची, आपली माणसं शोधायची. कारकून सापडले, त्यांनी लिफ्ट वापरू नकोस असा सल्ला दिला, जोडी परत आली. प्लास्टरवाले आजोबा तिसऱ्या मजल्यावर भेटले, पण तिथे सून येऊन बसलेली. तिने नाडीला घट्ट गाठ मारली होती आणि चष्म्याला दोरी बांधून गळ्यात अडकवला होता. आजोबा आनंदात. लूस कुठला आणि लूझ कुठला, सुनेने दोन्ही पुसून टाकले होते. तिथल्या सिस्टरने हटकलं, मावशी, तुमचा वॉर्ड हा नाही, इथे काय हुंगत फिरताय.

आयसीयूच्या काचेपाशी वॉचमनने विचारलं, कोण लागतात तुमचे. कोणी नाही, असं ती म्हणाली आणि परत फिरली. काचेतून फक्त मास्क दिसला होता, आणि चादरीवर हलणारं एक बोट. ते काय काढत होतं ते इतक्या लांबून वाचता आलं नाही.

परीक्षेच्या सकाळी नवऱ्याने पडल्या पडल्या म्हटलं, होईल गं. ती म्हणाली, नाही झालं तर तुम्हाला उचलून न्यायला माणसं बघावी लागतील.

ट्रेनिंगच्या खोलीत चौदा जण बसले होते. लिफ्टवाला, स्वयंपाकघरातले दोघं, धोबीखान्यातली एक बाई जिला तिच्या गरम जिभेमुळे सगळे इस्त्री म्हणत, आणि बाकीचे वॉर्डातले. सगळ्यांची ही तिसरी वेळ. ऑफिसातून आलेल्या साहेबांनी कागद वाटले. मावशीने पाहिलं, आणि तीसच्या तीस जागा तिच्याकडे बोळक्या तोंडाने पाहत राहिल्या.

अर्ध्या तासात नऊ भरल्या, त्याही भीतभीत. मग तिने मान वर केली आणि तिला ती खोली दिसली. दोन्ही भिंतींना लागून बाकं, मधून वाट, टोकाला टेबल. वॉर्डच की. तिने लिफ्टवाल्याच्या पाठीवर प्लास्टरवाल्या आजोबांना बसवलं. नाडी सोडली. चष्मा हरवला. लूस, लूझ. लिहिलं. इस्त्रीच्या जागी शिंप्याला बसवलं. ती गप्प कशी दिसेल या कल्पनेने तिला हसूच फुटलं. लिहिलं. खिडकीतल्या बाकावर कुबडीवालं पोर, मांडीवर मांजर. ती एकेकाकडे टक लावून बघत होती, ओठ हलवत होती, लिहीत होती. एकोणीस. वीस.

कागद तिच्या हाताखालून निघून गेला.

"बाई, दहा मिनिटं बघतोय मी तुमच्याकडे," साहेब म्हणाले. "प्रत्येकाच्या पेपरात डोकं चाललंय."

तिने सांगायचा प्रयत्न केला. मी पेपर बघत नव्हते, माणसं बघत होते. म्हणजे ही नाही, दुसरी, वॉर्डातली. ऐकणाऱ्याला ते कसं वाटलं असेल ते तिचं तिलाच कळलं. तिने हात जोडले. म्हणाली, मला तोंडी विचारा, वॉर्डात नेऊन विचारा, खाटेपाशी उभी राहून एकही चुकणार नाही. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी नियम दाखवला. कॉपी केली तर पेपर रद्द, पुन्हा संधी नाही. तिचा पेपर दुमडून खिशात घातला, सगळ्यांसमोर तिला टेबलापाशी उभं केलं आणि कॉपीचा फॉर्म आणायला खालच्या मजल्यावर गेले. जाताना बजावलं, कोणी जागेवरून उठायचं नाही.

खोलीत पंख्याचा आवाज राहिला. खोली गेली, किल्ली गेली. नवऱ्याला जिन्यावरून कसं उतरवायचं, हे तिच्या डोक्यात आतापासून सुरू झालं होतं.

तिने समोर पाहिलं. चौदातले तेरा अजून बसलेले. लिफ्टवाल्याने एकही जागा भरली नव्हती. स्वयंपाकघरातला एक जण पेन्सिलीचं टोक चावत रडत होता, चाळिशीचा बाप्या. त्याचीही क्वार्टर होती, मागच्याच आवारात.

इस्त्री हळूच म्हणाली, "मावशी, त्या तुझ्या खाटा खऱ्या आहेत का गं?"

"आहेत."

"मग आमच्या काय कामाच्या त्या, तुझ्या पोटात राहून?"

मावशीने पदराने तोंड पुसलं. साहेबांना खाली जायला, फॉर्म शोधायला, वर यायला पाच मिनिटं. वॉर्डाची एक फेरी तिला रोज तेवढीच लागायची.

"एक नंबरपासून सांगते," ती म्हणाली. "माणूस डोळ्यांसमोर आणा, मग जागा शोधा. मध्ये बोलू नका."

आणि ती बाकांमधून चालू लागली. थांबेल तिथे हात ठेवायची, चादर सारखी केल्यासारखा. आजोबांची नाडी सांगितली. शिंप्याचं मौन सांगितलं. पाच नंबरचं वाळवंट, कारकुनाचा सल्ला. तिच्या मागे मागे पेनं खरखरत होती. आता तिला एकही शब्द अडत नव्हता. नऊ नंबरची मांजर सांगताना कोणीतरी खुदकन हसलं, तिने डोळे वटारले.

खिडकीकडचं शेवटून दुसरं बाक रिकामं होतं. तिथे ती थांबली.

"अकरा नंबर," ती म्हणाली, आणि रिकाम्या बाकावर हात ठेवला. "याच्याकडे श्वास आहे, थोडा. तो ब्रेथ. आणि घेतोय तो, अजून घेतोय, ते ब्रीद. घेतोय असंच लिहा."

जिन्यात बुटांचा आवाज आला. बारा नंबर राहिला होता, त्याच्यावर तीन जोड्या. मावशी पुढच्या बाकाशी वाकली आणि भराभर सांगू लागली.