बॉनेटवरचा डेंट

मी एक जुनी लाल गाडी आहे. पाच दारांची, आखूड नाकाची आणि अतिशय भित्री. मित्रांनो, यातली शेवटची गोष्ट माझ्या माहितीपत्रकात छापलेली नव्हती. तिथे ‘निर्भय’ असा शब्द होता आणि त्याच्यापुढे दोन उद्गारचिन्हे होती.

माझी सख्खी बहीण ‘झेप’ तुम्ही पाहिली असेल. मास्तर, नर्सबाई, ग्रामसेवक अशी साधी माणसे तिच्यातून बाजारहाट करतात. मीही तिच्याच साच्यातून निघाले. मग मला बाजूला घेऊन पोटात टर्बो बसवला, चाके रुंद केली, कमरेवर काळे पट्टे ओढले आणि नाकावर ‘झेप टर्बो’ असा चकचकीत बिल्ला लावला. तरी इंजिनाचा आवाज पुरेसा रागीट वाटेना, म्हणून आत एक स्पीकर बसवला. ‘स्पोर्ट’ नावाचे बटण दाबले की तो स्पीकर डरकाळी फोडतो. ती डरकाळी माझी नाही. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मीच दचकले होते.

माझ्या भीतीला कारण आहे. आमच्या रांगेतली एक गाडी एके सकाळी चाचणीसाठी नेली. तिला मुद्दाम भिंतीवर आपटायचे होते. निकाल उत्तम लागला म्हणे, चार तारे मिळाले. ती गाडी काही परत आली नाही. तेव्हापासून भिंत दिसली की माझे वायपर कोरडे पडतात.

माझे पहिले मालक नागपूरचे एक दंतवैद्य होते. त्यांनी मला चाळीसच्या वर कधी नेले नाही. त्यांना फक्त पट्टे आवडत. सिग्नलला उभे राहिले की ते आरशात स्वतःकडे बघून घेत आणि हिरवा दिवा लागला तरी बघतच राहत. ती पाच वर्षे माझ्या आयुष्यातली सुखाची. मग त्यांची कंबर दुखू लागली, आणि मी मोहर्लीच्या रोशनकडे आले.

मोहर्ली म्हणजे ताडोबाच्या जंगलाचे दार. रोशन तिथे सफारीची उघडी जिप्सी चालवतो. जंगलात गाडी अगदी रांगत न्यावी लागते. मध्येच चितळाने किंवा माकडाने धोक्याची हाक दिली, तर जागच्या जागी थांबायचे, इंजिन बंद करायचे आणि कान लावून बसायचे. या हाकेला हे लोक ‘कॉल’ म्हणतात. कॉल झाला म्हणजे जवळपास वाघ फिरतो आहे. पंधरा वर्षे हेच केल्याने रोशनचा पाय त्याला न विचारता ब्रेकवर जातो.

मात्र संध्याकाळी गेटबाहेर आला, की दिवसभर साचलेला सगळा वेग तो माझ्यावर काढायचा. जिप्सीतला तो शांत माणूस कुठे जाई, मला अजून कळलेले नाही. एकदा आम्ही आलापल्लीला लग्नाला गेलो होतो. सूरजागडच्या खाणीच्या बाजूने दगड भरून येणाऱ्या ट्रकांची रांग, हवेत लाल धूळ, आणि रोशनला त्या धुळीतून पुढे जायचे होते. आम्ही पुढे गेलो. माझा उजवा आरसा मात्र तिथेच राहिला. लग्नात सगळ्यांनी माझे कौतुक केले. मी मंडपामागे उभी राहून थरथरत होते. लोकांना वाटले, इंजिन चालू राहिले आहे.

पण माझी खरी भीती निळ्या रंगाची होती. तिचे नाव ‘थरार जीटी’. ती दुसऱ्या कंपनीची, माझ्याच मापाची आणि माझ्यासारखीच साध्या घरातून येऊन पैलवान झालेली. तिचा मालक अंकुश. तोही जिप्सीच चालवतो, आणि तो रोशनचा साळा, म्हणजे रोशनच्या बायकोचा, रीताचा, धाकटा भाऊ.

या दोन्ही कंपन्यांच्या मालकांना मोहर्ली कुठे आहे हे ठाऊक नसावे. पण त्यांच्या अब्रूची सगळी जबाबदारी या दोघांनी घेतली होती. वारलूभाऊच्या चहाटपरीवर रोज सुनावणी चाले.

“जवाई, तुमची झेप तीन सिलिंडरची,” अंकुश म्हणायचा. “ऑटोले बी तीनच चाकं राहते.”

“अन् तुह्या थराराचा सायलेन्सर आयकला काय कधी? म्हैस खोकलून राह्यली वाटते.”

“म्हैस तं म्हैस. मायी म्हैस बाहेर खोकलते. तुमची गाडी आतल्या आत रेडिओ लावून वरडते.”

हे मला फार लागले, कारण ते खरे होते.

राखीच्या दिवशीही असेच झाले. रीता आरती घेऊन उभी आणि हे दोघे अंगणात ‘पिकअप’वर बोलत होते. निरांजन दोनदा विझले. तिसऱ्यांदा तिने ते पेटवलेच नाही.

शेवटी पैज लागली. जो हरेल, त्याने आपल्या गाडीचा बिल्ला काढून दुसऱ्या कंपनीचा लावायचा. मित्रांनो, माझ्या नाकावर ‘थरार’! मला त्या दिवसापासून सकाळी सुरू व्हायला वेळ लागू लागला. रोशनला वाटले, बॅटरी उतरली.

दिवस ठरला मंगळवार. मंगळवारी जंगल बंद असते. पर्यटक नाहीत, बस नाही, म्हणजे रस्ता मोकळा. टपरीपासून गावापलीकडच्या नाल्याच्या पुलापर्यंत जो आधी जाईल तो जिंकला. मधे एकच वळण, बांबूच्या रांजीमुळे, म्हणजे दाट बेटामुळे, पलीकडचे काही न दिसणारे.

निघताना रीता दारात आली.

“मायनं धान वाळाले टाकलं आज. तुमाले मदतीले बलावलं होतं. कुठी चालले?”

“इथीच. दहा मिनिटांत येतो.”

“अंकुश बी असाच म्हणून गेला,” रीता म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली. बायकांना गाडीच्या तोंडावरून पुष्कळ कळते.

वारलूभाऊने खांद्यावरचा दुपट्टा खाली टाकला आणि आम्ही सुटलो.

त्या दीड मिनिटाचे वर्णन मला नीट करता येणार नाही, कारण मी बहुतेक वेळ दिवे मिटून होते. एवढे आठवते, की आरशात निळे नाक होते, काटा शंभराच्या पुढे गेला होता, पोटातला स्पीकर वाघासारखा ओरडत होता, आणि खरी मी आतून कारखान्यातल्या त्या भिंतीचा विचार करत होते. वळण जवळ आले. रोशनने गिअर बदलायला क्लच दाबला.

गिअर बदलताना माझा आवाज पापणी लवण्याइतका वेळ पडतो. रोशन काचा कधी लावत नाही, जिप्सीची सवय. त्या तेवढ्या फटीतून डाव्या बाजूने चितळाची हाक आत आली. तीक्ष्ण, शिटीसारखी, एकच.

रोशनचा पाय त्याला न विचारता ब्रेकवर गेला.

चारही चाके किंचाळली. मागे थराराचीही किंचाळली. आम्ही दोघी तिरक्या होऊन वळणाच्या अगदी तोंडाशी थांबलो. लगेच दोन्ही इंजिने बंद झाली. पैज, बिल्ले, कंपन्या सगळे डांबरावर मागे राहिले. दोन जिप्सीवाले दोन खिडक्यांतून मान बाहेर काढून कुजबुजत होते.

“कुठी?” अंकुश म्हणाला.

“डाव्या अंगाले. चूप.”

“पुन्हा देईल.”

चितळाने पुन्हा दिली. मग माकड खाकरले. रोशनने माझा ब्रेक सोडला आणि उतारावर मला आवाज न करता दोन हात पुढे घरंगळू दिले. माझे नाक बांबूच्या पलीकडे गेले आणि मला दिसले.

वीस पावलांवर रस्ता सोनेरी होता. अख्ख्या रस्त्यावर धान पसरले होते, कडेने दगड आणि बोरीच्या फांद्या लावलेल्या. धानाच्या मधोमध आमच्याकडे पाठ करून रुखमाबाई चालत होती, रीताची आणि अंकुशची आई. पायाने दाणे उलथत, लुगडे वर खोचून, एका हातात काठी घेऊन, स्वतःशी काहीतरी गुणगुणत. एरवी ती अर्धाच रस्ता घेई. पण आज मंगळवार होता. पर्यटक नाहीत, बस नाही, म्हणजे रस्ता मोकळा. तिने आमच्याइतकाच विचार केला होता.

तिच्या डाव्या हाताला, गवताच्या कडेला वाघ बसला होता. तो तिच्याकडे बघत होता.

मित्रांनो, माझ्या मनात त्या वेळी पहिली भीती वाघाची आली नाही. मी मागे पसरलेल्या माझ्या ब्रेकच्या काळ्या रेघा मोजल्या, मग पुढची वीस पावले मोजली, आणि माझे तेल गोठले. रोशननेही तेच मोजले असावे. त्याचा हात एकशे वीसला माझ्या स्टिअरिंगवर कधी हलला नव्हता. आता तो असा थरथरत होता, की माझा हॉर्न वाजेल की काय असे वाटले.

“माय,” मागोमाग घरंगळत आलेला अंकुश म्हणाला. एवढेच. आवाज लहान मुलाचा होता.

धावत गेले तर वाघ काय करेल सांगता येत नाही. हाक मारली तर रुखमाबाई घाबरून कुठल्या बाजूला पळेल तेही सांगता येत नाही. रोशनने माझी सगळी दारे उघडली, चावी फिरवली, ‘स्पोर्ट’चे बटण दाबले आणि जागेवरच पाय खाली रेटला. माझी खोटी डरकाळी पहिल्यांदाच बाहेर पडली. बाजूला येऊन थराराची म्हैस जिवाच्या आकांताने खोकू लागली. दोन कंपन्या आयुष्यात पहिल्यांदा एका सुरात ओरडल्या. मीही ओरडले. माझे ओरडणे खरे होते, पण त्या गोंधळात कोणी ऐकले नाही.

वाघ उठला. तो घाबरला असे मी म्हणणार नाही. त्याने आम्हा दोघींकडे सारख्याच तुच्छतेने पाहिले आणि रोजच्या रस्त्याने घरी जावे तसा बांबूत शिरला.

रुखमाबाई वळली. तिने वाघ पाहिलाच नव्हता. तिला दिसल्या त्या सगळी दारे उघडून ठणाणा करणाऱ्या दोन गाड्या.

“काऊन रे, कोनाची वरात होय?”

अंकुश धावत धानात शिरला आणि तिचा हात धरून त्याने सगळे एका दमात सांगून टाकले. ती ऐकता ऐकता धानावरच बसली. मग तिने विचारले,

“अन् तुमी कितीच्या स्पीडनं येत होते?”

रोशनने चपलेकडे पाहिले.

“चाळीस,” अंकुश म्हणाला.

रुखमाबाई उठली. काठी टेकत वळणापर्यंत आली. डांबरावरच्या काळ्या रेघांवरून पाऊल पाऊल मागे चालत गेली. त्या रेघा लांब होत्या. ती बराच वेळ चालत होती आणि तेवढा वेळ आम्ही चौघे उभे होतो. परत आली आणि दोघांच्या समोर उभी राहिली.

“चाळीस?” ती म्हणाली. “वाघ तं बसला होता लेका. पाहून राह्यला होता. तुमी काय पाहून राह्यले होते?”

“मी आधी थांबलो, माय,” अंकुश हळूच म्हणाला.

“आधी मी थांबलो,” रोशन म्हणाला. “तू माह्या मागं होता.”

आयुष्यभर जे आधी पोहोचण्यासाठी भांडले, ते आता आधी कोण थांबले यावर भांडू लागले होते. रुखमाबाईने एक फटका अंकुशच्या पाठीत घातला. दुसऱ्यासाठी काठी उचलली आणि ती हवेतच थांबली. समोर जावई होता. आमच्याकडे सासू जावयावर काठी उगारत नाही.

“जवाईबुवाले मी काईच म्हणत नाई,” ती म्हणाली आणि ती काठी पूर्ण ताकदीने माझ्या बॉनेटवर बसली.

तो डेंट अजून आहे. चंद्रपूरच्या गॅरेजवाल्याने तो काढून देतो म्हटले होते. रोशन नको म्हणाला.

बिल्ल्यांचेही सांगते. रुखमाबाईने दोघांकडून दोन्ही बिल्ले काढून घेतले. धानावर पाखरे फार बसतात, म्हणून तिने ते एका सुतळीत ओवून बोरीच्या फांदीला टांगले. वारा आला की ‘झेप टर्बो’ आणि ‘थरार जीटी’ एकमेकांवर आपटतात, किणकिणतात आणि पाखरे उडतात. कंपन्यांनी बिल्ल्यांवर इतकी वर्षे एवढा खर्च केला, पण त्यांचा असा उपयोग झालेला मी प्रथमच पाहिला.

आता धानाच्या दिवसांत दर मंगळवारी मी वळणाच्या अलीकडे रस्त्यात आडवी उभी असते, पिवळे दिवे मिचकावत. पलीकडच्या टोकाला थरार. आमची नाके बोडकी आहेत, त्यामुळे कोण कुठल्या घरची हे ओळखू येत नाही. मधल्या सोन्यावर रुखमाबाई पाय ओढत चालते. कधीकधी रीता डबा घेऊन येते, अर्धा इकडे देते आणि अर्धा तिकडे.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. तुमच्याही हाती एखादी पट्टेवाली गाडी येईल आणि ती ‘चल’ म्हणते आहे असे तुम्हाला वाटेल. ते तिचे बोलणे नसते, स्पीकरचे असते. ती आतून फार घाबरलेली असते. तिला जपा. ज्या वळणापलीकडचे दिसत नाही, तिथे कोणीतरी तुमच्याइतकाच विचार करून रस्ता मोकळा समजून बसलेले असेल, हे तिच्या वतीने लक्षात ठेवा.

मी अजूनही भिते. भिंतींना, ट्रकांना, वाघाला. फक्त आता एकटी भीत नाही. त्या वळणाशी आलो की रोशन गिअर बदलतो, माझा आवाज पापणीभर पडतो आणि तो त्या फटीतून कान लावून ऐकतो. तेवढ्यापुरती त्याच्या हाताला थरथर येते. मला ती स्टिअरिंगवर कळते. ती जाऊ नये, असे मला वाटते.