सैल बसलेलं डोकं

मी टूथब्रशचं डोकं बोलतोय. अख्खा ब्रश नाही, नुसतं डोकं. बॅटरीवर चालणाऱ्या ब्रशच्या मुठीवर वरून खोचतात ना, तो केसांचा तुकडा म्हणजे मी. बोलतोय म्हणायलाही मला संकोच वाटतो. आजवर माझ्या तोंडून खडखडीशिवाय फारसं काही बाहेर पडलेलं नाही, आणि त्या खडखडीनं एका भल्या माणसाला फार त्रास झाला.

माझ्या जन्माचं विशेष काही सांगण्यासारखं नाही. साच्यात ओतलं, केस रोवले, पाकिटात भरलं. पाकिटात आम्ही चौघे भाऊ होतो. वर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'सर्व ब्रशला बसते'. त्या ओळीचा मला तेव्हा कोण अभिमान! आपलं कुणाशीही जमेल, अशा तोऱ्यात मी होतो. पुढे कळलं, की सगळ्यांच्या मापाचा म्हणून जो घडवतात तो कुणाच्याच मापाचा नसतो.

परभणीच्या बाजारात एका हातगाडीवरून सृष्टीनं आम्हाला घेतलं आणि पेडगावला आपल्या घरी आणलं. ब्रशसोबत आलेलं मूळ डोकं झिजून गेलं होतं, त्याच्या जागी मला बसायचं होतं.

आता त्या घरात असा ब्रश कशाला, ते सांगतो. सृष्टीचे सासरे दत्तराव. साधे शेतकरी, पण तोंडाचे भारी हजरजबाबी. समोरच्याचा शब्द खाली पडायच्या आत यांचं उत्तर तयार. गेल्या साली त्यांना लकवा मारला. उजवा हात गेला आणि जीभ जड झाली. डोक्यात सगळं लख्ख होतं, पण शब्द तोंडापर्यंत यायला वेळ लागायचा. बायको आधीच वारलेली. मुलगा रविकांत दुधाचे कॅन घेऊन झुंजूमुंजू असतानाच परभणीला जायचा. मग सकाळी दत्तरावांचे दात घासून द्यायला उरली सून.

एरवी सासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर ढळू न देणारी सृष्टी, बोटावर पेस्ट घेऊन त्यांच्या तोंडात बोट घालायची. तिची नजर भिंतीकडे. दत्तराव डोळे गच्च मिटून घ्यायचे. तिला किळस नव्हती आणि त्यांचा तिच्यावर राग नव्हता, तरी चूळ भरून झाली की दोघंही सुटल्यासारखी दोन दिशांना जायची.

हे सगळं छत्रपती संभाजीनगरला दिलेल्या दत्तरावांच्या लेकीला, सत्यशीलाला, फोनवर कळलं. तिनं हा ब्रश पाठवला. डाव्या हातात नुसता धरायचा, बटण दाबायचं, दातांवरून फिरवायचा. जुनं डोकं होतं तोवर दत्तराव रोज सकाळी दारातल्या ओट्यावर उभे राहून स्वतःच्या हातानं दात घासायचे. त्या गल्लीत पुरुषमाणूस दात बाहेरच घासतो. येणाऱ्याजाणाऱ्याची विचारपूस करत, इकडे तिकडे फिरत. इतक्या महिन्यांनी ते पुन्हा चारचौघांत उभे राहिले होते.

आणि मग मी आलो.

मुठीतून एक बारीक सळई वर येते आणि डोक्याच्या पोटात शिरते. माझ्या पोटातलं भोक तिच्यापेक्षा अंमळ मोठं निघालं. दत्तरावांनी बटण दाबलं, सळई थरथरली आणि मी तिच्यावर असा आपटू लागलो की ओट्यावरच्या कोंबड्या उठून पळाल्या. मी स्वतःला आवरायचा खूप प्रयत्न केला, पण माझ्या हातात काय होतं!

समोर चंद्रभान राहतात. दत्तरावांचे बालपणापासूनचे जोडीदार. दोघांनी उभा जन्म एकमेकांची टिंगल करण्यात घालवलेला. खडखड ऐकून ते दारात आले.

"का रं दत्ता, सकाळच्यालाच तोंडात मळणी यंत्र लावलंस का काय?"

गल्ली हसली. पूर्वीचे दत्तराव असते तर चंद्रभानला पळता भुई थोडी केली असती. त्यांनी मला तोंडातून काढलं, ओठ हलवले. उत्तर आत तयार होतं. पण शब्द जुळून येईपर्यंत चंद्रभान हसत हसत आत निघूनही गेले होते. दत्तराव तसेच पेस्टच्या फेसानं भरलेल्या तोंडानं उभे राहिले. त्या क्षणी गटारात पडलो असतो तरी बरं वाटलं असतं मला.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी न्हाणीघरात कडी लावून मला चालवून पाहिलं. पत्र्याच्या न्हाणीघरात तर मी दुप्पट वाजलो. मग त्यांनी मला हात लावणंच सोडलं. मी फळीवर ठेवलेल्या ग्लासात पडून राहिलो, आणि पुन्हा सृष्टीचं बोट, तिची भिंतीकडे वळलेली नजर आणि त्यांचे मिटलेले डोळे रोज समोर बघू लागलो. पुढे तर दत्तराव तोंडच उघडेनात. हिरड्या सुजल्या, भाकरी दुधात कुस्करून द्यावी लागू लागली.

सृष्टीनं आधी मला जोर लावून खाली दाबलं. झालं उलटंच. माझी कड मुठीला टेकली आणि घासायला लागली. खडखडीत घरघरीची भर पडली.

मग दत्तरावांनी स्वतः एक उपाय केला. तो आठवला की मला हसू येतं आणि लगेच हसल्याबद्दल लाजही वाटते. कुदळीचा दांडा सैल झाला की शेतकरी कुदळ हौदात टाकून ठेवतो. लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि कुदळ घट्ट बसते. उभ्या आयुष्यात दत्तरावांनी किती कुदळी अशा भिजत घातल्या असतील. त्यांनी कुणाला न सांगता मला मुठीवरून उपटलं आणि बादलीत टाकलं. मी पाण्यात तरंगत होतो आणि मनोमन म्हणत होतो, देवा, यांच्यासाठी तरी मला थोडं फुगव.

सकाळी सृष्टीला मी बादलीत सापडलो. दत्तराव मागेच उभे होते, चोरी पकडल्यासारखे. तिनं मला हातात घेतलं, बादलीकडे पाहिलं आणि तिच्या ध्यानात आलं. सोनपेठकडच्या शेतकऱ्याची लेक ती, बापाची कुदळ तिनंही भिजत घातलेली. ती हसली नाही.

"मामा, हे प्लास्टिक हाय. ते फुगत न्हाई," ती हळूच म्हणाली.

दत्तरावांनी मान खाली घातली. बऱ्याच वेळानं त्यांच्या तोंडून एकच शब्द आला, "दोरा."

सृष्टीला आधी उमगलं नाही. मग तिनं वाकळ शिवायचा सुती दोरा आणला. प्लास्टिक फुगत नसेल, पण सूत पाणी पितं आणि फुगतं. तिनं मूठ धरली आणि दत्तराव डाव्या हातानं सळईभोवती दोरा गुंडाळू लागले. पहिल्यांदा इतका गुंडाळला की मी वर चढेनाच. सोडवला. मग कमी झाला. पुन्हा सोडवला. लकव्यानंतर प्रथमच दोघं एकमेकांकडे तोंड करून, भिंतीकडे न बघता काहीतरी करत होती. शेवटी मी नेमका बसलो, खाली नखभर फट ठेवून, म्हणजे मुठीला घासायला नको. सृष्टीनं मला पाण्यात बुडवून बटण दाबलं. सूत फुगलं होतं. माझ्यातून नुसती गुणगुण निघाली. ओला दोरा कुबट होतो, म्हणून तेव्हापासून ती तो वरचेवर बदलते.

खडखड गेली, तरी दत्तराव ओट्यावर जाईनात. न्हाणीघरातच दात घासायचे. मग माझ्या लक्षात आलं, की त्यांना लाज माझ्या आवाजाची नव्हतीच. त्यांना लाज होती वेळेवर न आलेल्या उत्तराची. हे मला कळून काय उपयोग, मी कुणाला सांगणार!

सृष्टीलाही ते कळलं असावं. एका सकाळी ती पदर सावरून समोरच्या दारात गेली. गल्लीतल्या वडीलधाऱ्याशी सून असं तोंड वर करून बोलत नाही, पण ती बोलली.

"काका, तुमी बोलून जाताव. मामाला उत्तर द्यायचं असतंय आन् देता येत न्हाई. म्हणून ते भायेर येईनात."

दुसऱ्या दिवशी चंद्रभान येऊन गुपचूप आमच्या ओट्यावर बसले आणि न्हाणीघराच्या दारावरची कडी निघायची वाट बघत राहिले. दत्तराव मला हातात घेऊन बाहेर आले, त्यांना बसलेलं पाहून थबकले, पण परत फिरले नाहीत. ओट्यावर उभं राहून दात घासू लागले. चंद्रभान तोंड शिवल्यासारखे रस्त्याकडे बघत बसले. इतका बापुडवाणा चेहरा मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही. लाजेच्या बाबतीत मला त्या घरात सोबतीच सोबती मिळाले.

दत्तरावांनी चूळ भरली. एकेक शब्द ओढून काढत ते म्हणाले,

"गप का बसलास? बोल की. मला... उत्तर द्यायला येळ लागतो. तेवढं थांबत जा."

चंद्रभाननी डोळे पुसले. मग त्यांनी दत्तरावांना काहीतरी असं हाणलं की इथे सांगता येणार नाही. आणि ते थांबले. समोरून दुधाची गाडी गेली, कुणीतरी हाक मारली, त्यांनी मान वळवली नाही. दत्तरावांचे ओठ हलू लागले. नेमकं तेवढ्यात सृष्टीनं मला धुवायला नळाखाली धरलं, त्यामुळे उत्तर काय आलं ते मला ऐकू आलं नाही. पाणी बंद झालं तेव्हा दोन्ही म्हातारे एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून हसत होते, आणि सृष्टी पदर तोंडाला लावून मला घेऊन आत पळाली.

आता माझे केस वाकडे झालेत. लवकरच माझ्या जागी पाकिटातला धाकटा भाऊ बसेल. तोही माझ्यासारखाच सैल निघणार, त्याची लाज मी आत्ताच वाटून घेतो. त्याच्यासाठीही सळईला दोरा गुंडाळा, एवढंच मागणं आहे. येतो मी. जाताना एक सांगून जातो, त्या ओट्यावर हल्ली सकाळी फार वेळ जातो. एक बोलतो, दुसरा वाट बघतो, आणि घाई कुणालाच नसते.